पत: अटलांटाच्या रिचेस दुकानाचं प्रकरण

6 मार्च 2005 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात ‘रिचेस’ हे नाव दुकानांच्या पाट्यांवरून उतरलं आणि तिथे ‘मेसीज’ या मोठ्या साखळीचं नाव उरलं. दुकानं तिथेच होती. आधीची दोन वर्षं पाटीवर ‘रिचेस-मेसीज’ अशी जोडी होतीच, त्यामुळे हे अचानक घडलं असं कोणी म्हणणार नाही. तरीही अटलांटा शहर हळहळलं. ते नाव तिथे 1867 पासून होतं. यादवी युद्धात शहर जळून राख झालं, त्याला तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झाली होती.

अशी दुकानं एकेकाळी अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक मोठ्या शहराला होती. शिकागोला मार्शल फील्ड्स, डेट्रॉइटला हडसन्स, फिलाडेल्फियाला वॉनामेकर्स, अटलांटाला रिचेस. एका छपराखाली कापड, भांडी, फर्निचर, खेळणी, दागिने आणि वरच्या मजल्यावर जेवणघर. पाटीवर मालकाचं नाव आणि मालक त्याच शहरात राहणारा. त्यांतली बहुतेक दुकानं एकाच वाटेनं गेली, म्हणून त्यांची कहाणीही एकाच सुरात सांगतात: उपनगरं वाढली, मोटारी आल्या, मॉल आले, मोठ्या साखळीनं गिळलं. हे सगळं खरं आहे. पण रिचेसच्या बाबतीत मला एवढ्यावर थांबवत नाही. या दुकानाच्या इतिहासात अभिमानाची पानं आहेत आणि शरमेचीही आहेत, आणि दोन्हींवर एकच शब्द लिहिलेला आहे: पत.

मराठीत पत म्हणजे उधार मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे चारचौघांतली किंमतही. हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात, हे रिचेसच्या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पाचशे डॉलरपासून

मॉरिस रिच हा हंगेरीतून लहानपणी आलेला ज्यू मुलगा. विशीत असताना त्यानं भावाकडून 500 डॉलर उसने घेतले आणि मे 1867 मध्ये व्हाइटहॉल स्ट्रीटवर लहानसं दुकान थाटलं. दुकानाचा पाया असा उधारीवरच घातला गेला. आसपासचा मुलूख कापसाचा. शेतकऱ्याच्या हातात पैसा यायचा तो वर्षातून एकदा, पीक विकल्यावर. अशा मुलखात ज्याला उधारी सांभाळता येत नाही त्याचं दुकान चालत नाही. कोणाला किती द्यायचं आणि किती दिवस थांबायचं, हे मालकालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी समोरचा माणूस ओळखीचा असावा लागतो.

1924 मध्ये ब्रॉड आणि अलाबामा रस्त्यांच्या कोपऱ्यावर दुकानाची मोठी इमारत उभी राहिली. ‘रिचेसच्या घड्याळाखाली भेटू’ हे अटलांटात नेहमीचं बोलणं झालं. त्याच दशकात कापसाचे भाव कोसळले, तेव्हा रिचेसनं शेतकऱ्यांकडून 5,000 गाठी बाजारभावापेक्षा चढ्या दरानं मालाच्या बदल्यात घेतल्या. कपडे आणि फर्निचर विकणाऱ्या दुकानाला कापसाच्या गाठी काय करायच्या होत्या? त्या त्याला नकोच होत्या. पण गिऱ्हाईक बुडालं तर दुकानही बुडणार, हे मालकाला दिसत होतं, कारण तो त्याच गावात राहत होता.

मग 1930 ची मंदी आली. शहराच्या तिजोरीत शिक्षकांच्या पगाराला पैसे उरले नाहीत. पालिकेनं त्यांना रोख पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या दिल्या: पैसे येतील तेव्हा देऊ. अशी चिठ्ठी बाजारात नेली की दुकानदार बट्टा कापणार, हे ठरलेलं. तेव्हा रिचेसचा प्रमुख होता मॉरिसचा पुतण्या वॉल्टर रिच. त्यानं जाहीर केलं की आम्ही या चिठ्ठ्या पूर्ण किमतीला वटवू, आणि इथून काही विकत घेतलंच पाहिजे अशी अटही नाही. शिक्षिकेनं चिठ्ठी द्यायची, रोकड मोजून घ्यायची आणि हवं तर तशीच दारातून बाहेर पडायचं.

ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. खरेदीची अट घातली असती तर तो चांगला धंदा झाला असता. अट न घातल्यामुळे पत कमावली गेली. पालिकेच्या शब्दावर जिथे बाजाराचा विश्वास उरला नव्हता, तिथे एका दुकानानं स्वतःचा शब्द त्याखाली टेकू म्हणून दिला. त्या शिक्षकांच्या घरात पुढची कितीतरी वर्षं नवीन कोट घ्यायचा झाला तर तो कुठून घ्यायचा, हे वेगळं सांगावं लागलं नसेल.

माल परत घेण्याचं धोरणही याच जातीचं. रिचेस काहीही परत घ्यायचं: वापरलेले कपडे, वर्षांपूर्वीच्या वस्तू, प्रसंगी दुसऱ्या दुकानातून घेतलेला मालसुद्धा. गिऱ्हाईक म्हणेल ते खरं. डिसेंबर 1946 मध्ये वाइनकॉफ हॉटेलला आग लागून 119 माणसं गेली, तेव्हा मृतांच्या अंगावर घालायला कपडे रिचेसनं दिले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

1948 मध्ये फोरसिथ स्ट्रीटच्या पलीकडे ‘स्टोअर फॉर होम्स’ ही दुसरी इमारत झाली आणि दोन इमारतींना जोडणारा चार मजली काचेचा पूल रस्त्यावर अधांतरी उभा राहिला. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगच्या रात्री पुलावर मोठं ख्रिसमस झाड उभारलं आणि पुढे ती प्रथाच पडली. पुलाच्या प्रत्येक मजल्यावर गायकांचं एकेक पथक. एकेका मजल्यावर दिवे लागत, ते पथक गाई, पुन्हा अंधार. खाली रस्त्यावर हजारो माणसं थंडीत मान वर करून उभी. शेवटच्या गीताचा सर्वांत उंच सूर लागला की त्याच क्षणी झाड उजळायचं. अटलांटात वाढलेल्या त्या पिढीला लहानपणाबद्दल विचारलं की हे झाड पहिल्यांदा आठवतं.

सहावा मजला

आता दुसरं पान.

रिचेसच्या उधारीच्या खातेदारांत काळे लोकही होते. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ मोठ्या दुकानांत खातेदाराला धातूची एक छोटी पट्टी मिळायची. त्यावर नाव-पत्ता ठोकलेला आणि मागे सहीचा कागद. बिलावर दाबली की नाव उमटायचं. आज जे कार्ड खिशात असतं त्याची ती पूर्वज. ज्या राज्यात काळ्या माणसाला बहुतेक ठिकाणी आडनावानं आदरानं कोणी हाक मारत नव्हतं, तिथे एका मोठ्या दुकानाच्या वहीत आपलं नाव असणं ही साधी गोष्ट नव्हती. काळ्या वस्तीतली शिक्षिका किंवा नर्स रिचेसमध्ये खात्यावर कपडे घेऊ शकत होती, आणि महिनाअखेरीला बिल भरत होती. पण त्याच इमारतीच्या सहाव्या मजल्यावरच्या मॅग्नोलिया रूममध्ये तिला बसून जेवता येत नव्हतं. नियम असा होता की तिची सही चालेल, तिचा पैसा चालेल, पण टेबलावर ती चालणार नाही. पत या शब्दाचे दोन तुकडे करून एक तिला दिला होता आणि दुसरा राखून ठेवला होता.

हे वाचताना मराठी माणसाला महाडचं तळं आठवणारच. पण एक फरक नोंदवायला हवा. तळं सार्वजनिक होतं. इथे दुकान खासगी होतं, आणि ज्याला नाकारायचं त्याच्याकडून रोज पैसे घेत होतं. म्हणून इथली लढाई तोलून धरली गेली ती उधारीच्या खात्यावर.

1960 च्या वसंतात अटलांटाच्या काळ्या महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी संघटना बांधली. लॉनी किंग हा त्यांचा एक प्रमुख नेता. शहरात दुकानं पुष्कळ होती, पण निशाण्यावर रिचेस घेतलं गेलं आणि ते ठरवून. हिशेब सरळ होता: रिचेसनं दार उघडलं तर बाकीचे मागे राहणार नाहीत. शहरातलं दुसरं मोठं दुकान डेव्हिसन्स. ते 1925 पासूनच न्यूयॉर्कच्या मेसीजच्या मालकीचं होतं. रिचेसमध्ये निर्णय घेणारा माणूस शहरातच होता, आणि त्याला आपल्या नावाची चाड होती.

तो माणूस म्हणजे डिक रिच, मॉरिसचा मुलीकडचा नातू. वडिलांचं आडनाव रोझेनहाइम; आजोबांच्या इच्छेखातर त्यानं रिच हे आडनाव घेतलं, म्हणजे दुकानाचं नाव अंगावर घेतलं असंच म्हणायला हवं. 1949 पासून तो दुकानाचा अध्यक्ष होता. दुष्ट माणूस म्हणून त्याची ख्याती नव्हती. उदार दाता म्हणून होती. पण तो घाबरलेला असावा, आणि त्याला कारणही होतं. ऑक्टोबर 1958 मध्ये वर्णद्वेष्ट्यांनी अटलांटातल्या ज्यूंच्या ‘द टेंपल’ या प्रार्थनामंदिरात बॉम्बस्फोट घडवला होता. ज्यू व्यापाऱ्यानं पुढे होऊन जुनी रीत मोडली तर गोरं गिऱ्हाईक तुटेल, आणि कदाचित त्याहून वाईट होईल, हे भय हवेतलं नव्हतं. हे मी त्याची बाजू घ्यायला सांगत नाही. त्याच्याजागी निर्णय किती अवघड होता ते कळल्याशिवाय हे प्रकरण कळत नाही, म्हणून सांगतो. अवघड होता तरी तो त्याच्या हातात होता, आणि त्यानं तो लांबवला.

19 ऑक्टोबर 1960. विद्यार्थ्यांनी मार्टिन ल्यूथर किंगना गळ घातली होती की तुम्ही आमच्याबरोबर या. किंग त्याच वर्षी अटलांटाला राहायला परत आले होते. ते आले, सहाव्या मजल्यावर मॅग्नोलिया रूममध्ये जेवण मागितलं, आणि अटक झाली. त्या दिवशी शहरात पन्नासच्या आसपास लोकांना पकडलं. जामीन द्यायला नकार देऊन ते तुरुंगात बसले.

पुढचे आठ दिवस जगाच्या इतिहासात गेले. महापौर विल्यम हार्ट्सफील्डनं मध्यस्थी केली आणि विद्यार्थी सुटले. किंग मात्र सुटले नाहीत. शेजारच्या डिकाल्ब काउंटीत गाडीच्या परवान्यावरून त्यांच्यावर जुना खटला होता आणि त्याची शिक्षा स्थगित होती. तिथल्या न्यायाधीशानं ती स्थगिती उठवून चार महिने सक्तमजुरी सुनावली. मध्यरात्रीनंतर बेड्या घालून त्यांना दूरच्या रीड्सव्हिल तुरुंगात नेलं. किंग यांच्या गरोदर पत्नी कोरेटाला अध्यक्षपदाचा उमेदवार जॉन केनेडीनं फोन केला, त्याचा भाऊ रॉबर्ट केनेडीनं न्यायाधीशाला फोन केला, आणि 27 ऑक्टोबरला किंग जामिनावर बाहेर आले. दोन आठवड्यांच्या आत झालेल्या निवडणुकीत केनेडी सव्वा लाखाहून कमी मतांच्या फरकानं जिंकला. काळ्या मतदारांपर्यंत त्या फोनची बातमी पोहोचली होती.

इतिहासाची पुस्तकं इथून केनेडीच्या मागे जातात. मला दुकानातच थांबायचं आहे, कारण खरा दबाव पुढच्या पाच महिन्यांत आला.

विद्यार्थ्यांनी काळ्या वस्तीला बहिष्काराची हाक दिली. त्यांची घोषणा अशी होती: भेदभावाकडचं उधारीचं खातं बंद करा, स्वातंत्र्याकडे खातं उघडा. लोकांनी ती शब्दशः पाळली. खाती बंद केली. माझ्या मते मोर्च्यात चालण्याइतकंच हे कठीण होतं. मोर्च्यात विद्यार्थी होते, तरुण होते, गमावण्यासारखं कमी होतं. खातं बंद करणारी माणसं मध्यमवयीन होती, नोकरदार होती. ते खातं त्यांनी वर्षानुवर्षं वेळेवर बिलं भरून कमावलं होतं. गोऱ्यांच्या शहरात आपली पत असल्याचा तो लेखी पुरावा होता, आणि तो त्यांनी आपण होऊन परत केला.

नोव्हेंबरात दुकानासमोरच्या फुटपाथवर एकीकडे काळे विद्यार्थी फलक घेऊन फिरत होते आणि दुसरीकडे झगे घातलेले कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे लोक. ज्या रस्त्यावर झाडाच्या दिव्यासाठी माना वर व्हायच्या, तोच हा रस्ता. ख्रिसमसचा हंगाम म्हणजे अशा दुकानाच्या वर्षाच्या कमाईचा कणा, आणि तो हंगाम बहिष्कारात गेला.

7 मार्च 1961 ला समझोता जाहीर झाला. व्यापाऱ्यांच्या बाजूनं चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष आयव्हन ॲलन, काळ्या समाजाच्या बाजूनं ज्येष्ठ वकील ए. टी. वॉल्डन. ठरलं असं की दुकानांतली जेवणाची काउंटरं सगळ्यांना खुली होतील, पण लगेच नाही. शरद ऋतूत शाळांतला भेदभाव उठेल, त्यानंतर. विद्यार्थी भडकले. इतके महिने सोसून हातात आला तो पुन्हा वायदाच. तीन दिवसांनी वॉरेन मेमोरियल चर्चमध्ये सभा भरली तेव्हा मोठ्यांना बोलू दिलं जात नव्हतं. शेवटी किंग उभे राहिले. त्यांच्या म्हणण्याचा आशय होता की हा करार मोडायचाच असेल तर तो गोऱ्यांना मोडू द्या, आपण मोडायचा नाही.

मला त्या विद्यार्थ्यांचा राग पूर्ण पटतो. तरी किंग जे म्हणाले ते धंद्याच्या भाषेत अचूक होतं. 1930 मध्ये शिक्षकांच्या हातात पालिकेची वचनचिठ्ठी होती. 1961 मध्ये काळ्या अटलांटाच्या हातात व्यापाऱ्यांची. प्रश्न एकच: ही वटणार का?

ती वटली. ऑगस्टच्या शेवटी शाळांत पहिले काळे विद्यार्थी शांतपणे दाखल झाले आणि 28 सप्टेंबर 1961 ला शहरातली काउंटरं खुली झाली.

निर्णय शहराबाहेर जातो

यानंतरची चाळीस वर्षं थोडक्यात सांगता येतात. 1959 मध्येच शहराच्या उत्तरेला लेनॉक्स स्क्वेअर सुरू झालं होतं आणि तिथे रिचेसची शाखा होती. पैसा त्या दिशेला सरकत होता. मध्यवर्ती दुकानाचं गिऱ्हाईक रिचेसनंच उपनगरात नेलं असंही म्हणता येईल, पण नेलं नसतं तर दुसऱ्यानं नेलं असतं. डिक रिच 1975 मध्ये गेला. दुसऱ्याच वर्षी रिचेस फेडरेटेड या कंपनीला विकलं गेलं. तिचं मुख्यालय ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत. 1988 मध्ये कॅनडाच्या रॉबर्ट कांपोनं कर्जाचा डोंगर उभा करून फेडरेटेडच घेतली आणि जानेवारी 1990 मध्ये ती दिवाळखोरीत गेली. जुलै 1991 मध्ये मध्यवर्ती दुकान बंद झालं. फेडरेटेड सावरली, 1994 मध्ये तिनं मेसीज घेतली, आणि पुढे स्वतःच्या सगळ्या दुकानांना एकच नाव द्यायचं ठरवलं. देशभर एकच जाहिरात, एकच छाप, कमी खर्च. ताळेबंद पाहिला तर यात वेडेपणा काही नाही. काचेचा पूल आणि स्टोअर फॉर होम्स पाडलं. तिथे केंद्र सरकारच्या कचेऱ्यांची मोठी वास्तू झाली आणि 1924 ची इमारत तिचाच भाग म्हणून उरली.

रिचेसच्या अंताची तारीख कोणी 1991 धरेल, कोणी 2005. मी 1976 धरतो. विक्रीनंतरही नाव होतं, झाड होतं, अटलांटात कचेरी होती, माल निवडणारी माणसं होती. गेला तो एक अधिकार: ताळेबंदात न बसणारा निर्णय घेण्याचा. पाच हजार गाठी चढ्या दरानं घेणं, अट न घालता चिठ्ठ्या वटवणं, हे विभागीय व्यवस्थापकाला करता येत नाही. त्याला वर उत्तर द्यायचं असतं, आणि वरच्याला त्या शिक्षिकेचा चेहरा माहीत नसतो. पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. ज्याच्या हातात असा अधिकार असतो त्याला जाबही विचारता येतो. 1960 च्या विद्यार्थ्यांना दार ठोठवायला एक दार होतं.

म्हणूनच जुन्या गावच्या दुकानांबद्दल बोलताना फक्त झाडाची आठवण काढणाऱ्यांशी माझं जमत नाही, आणि ती दुकानं मुळात अन्यायाचीच होती म्हणून गेली ते बरं झालं, असं म्हणणाऱ्यांशीही नाही. ज्या जवळिकीतून चिठ्ठ्या वटल्या, त्याच जवळिकीमुळे बहिष्कार लागू पडला.

याला एक पडताळा आहे. फेडरेटेडनं हीच नाव बदलण्याची मोहीम पुढच्या वर्षी शिकागोत नेली. 9 सप्टेंबर 2006 ला मार्शल फील्ड्सचं मेसीज झालं. शिकागोचे लोक चिडले, दुकानाच्या प्रसिद्ध घड्याळाखाली निदर्शनं झाली, काहींनी खात्याची कार्डं कापून टाकली. अटलांटातल्या हक्काच्या लढ्याशी एका पाटीच्या मागणीची बरोबरी मी करणार नाही. हत्यार मात्र तेच होतं: गिऱ्हाईक आपलं खातं परत करत होतं. अटलांटात ते डिक रिचच्या टेबलावर पडलं होतं आणि पाच महिन्यांत त्याला सहीसाठी बसावं लागलं. शिकागोत ते त्या शहरातल्या कोणाच्याच टेबलावर पडलं नाही, आणि पाटी मेसीजचीच राहिली.